आराधना वाढ शिकते

नेवासा

प्रिय रूथताई,
प्रभूमध्ये तुला आणि भाऊजींना सलाम.

स्वेटर आणि खजूर पोचले. पार्सलाला नव्वद रुपये कशाला घातलेस? कुणा येणाऱ्याच्या हाती द्यायचे.

माझी आराधना अर्थशास्त्राचं एम.ए. अर्धवट सोडून परत येणार होती. तू तिला पुण्यात आपल्या घरी ठेवून घेतलंस, म्हणून ती टिकली. रोज प्रार्थनेत तुझे आभार मानते.

इथं गंमत झाली. ती 'आर्थिक वाढ' शिकते, असं मी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी चर्चमध्ये सांगितलं, "नात वाढायला शिकतीय, पंगतीत!" पाळकसाहेबांनी तिच्या होणाऱ्या खानावळीसाठी प्रार्थना केली. मीही आमेन म्हटलं.

फोनवर ती हसते. पण गणित जमतंय का? रडत तर नाही ना? मला ती सांगायची नाही. तूच उलट टपाली खरं ते लिही.

तुझी धाकटी,
लिडिया