‘बंद करा’ म्हणजे नक्की काय बंद करा

ती. आत्यास भाचीचा वाकून नमस्कार.

तुझ्या पाठीचं दुखणं आता बसता येण्याइतकं कमी झालंय असं आईकडून कळलं. तेव्हा हे पत्र बसूनच वाच, कारण तुझी भाची मोठी असामी झाली आहे. माझं लेखन ऑफिसच्या भिंतीवर लावलंय. (फ्रेम नाही, चिकटपट्टी आहे, पण चारही कोपऱ्यांना आहे.)

आमची कंपनी लिफ्ट दुरुस्त करते आणि मी तक्रारींच्या टेबलावर बसते, हे तुला ठाऊकच आहे. गेल्या महिन्यात साहेबांनी माझ्या मदतीला एआय एजंट आणला. (एजंट म्हटल्यावर दार लावून घेऊ नकोस, हा विमा विकत नाही.) हा संगणकातला मदतनीस. आलेले निरोप वाचतो आणि काय करायचं ते आपणच ठरवून करतो. त्यासाठी त्याला टूल्स दिलेली असतात, म्हणजे त्याची अवजारं: एक मेकॅनिकला पाठवायचं, एक तक्रार निकाली काढायचं, एक लिफ्ट इथूनच थांबवायचं, अशी बरीच. बिचाऱ्याने जन्मात लिफ्ट पाहिलेली नाही. टूलखाली जे वर्णन लिहिलेलं असेल तेवढंच त्याला कळणार. आणि लिफ्ट थांबवायच्या टूलखाली काय लिहिलेलं होतं? ‘बंद करणे.’ संपलं वर्णन!

आमचे मुख्य मेकॅनिक म्हणजे पानेकाका. (खिशात पाना नसला तर त्यांचा तोल जातो, म्हणून हे नाव.) सोमवारी ते एका सहा मजली इमारतीत गेले. सहाव्या मजल्यावर गुडघ्यांच्या डॉक्टरांचा दवाखाना. काकांनी लिफ्टचं दार नीट केलं आणि निरोप पाठवला, ‘काम झालं, बंद करा.’ त्यांना म्हणायचं होतं, तक्रार बंद करा. मदतनीसाने आज्ञाधारकपणे लिफ्ट बंद केली. काका कोपऱ्यापर्यंत पोचले नाहीत तोच फोन. परत गेले, लिफ्ट सुरू केली, दोष सापडेना, म्हणून चांगला असलेला एक भाग बदलला (हात हलवत परतायचं कसं?) आणि कळवलं, ‘झालं. आता नक्की बंद करा.’ मदतनीसाने नक्की बंद केली. तिसऱ्यांदा वॉचमनने पानेकाकांना आत सोडलंच नाही.

माफी मागायला मला धाडलं. सहा जिने चढून पोचले तर वर चौदा पेशंट, आणि सगळ्यांना जिना उतरायची मनाई. नुकतंच ऑपरेशन झालेल्या एका बाईंना खुर्चीसकट खाली न्यायचं ठरलं. चौथ्या मजल्यावर उचलणारेच धापा टाकत बसले. बाई मात्र शांत. मला म्हणाल्या, “अगं, बिघडल्यावर लिफ्ट बंद पडते हे समजू शकते. तुमची दुरुस्त झाल्यावर कशी पडते?”

तिथेच माझं डोकं चाललं. ऑफिसात येऊन वेळा ताडून पाहिल्या: दर वेळी काकांचा निरोप आला की मिनिटभरात लिफ्ट बंद. ते दाखवताच साहेबांनी मदतनीसाबद्दल ठरवून टाकलं, “अक्कल नाही त्याला, परत पाठवा.” मी म्हणाले, “साहेब, अक्कल आहे, माहिती नाही. आपण त्याला दोन शब्द दिले, त्याने ते पाळले.” (हे मी खुर्चीत बसून बोलले. त्या केबिनमध्ये प्रथमच.)

वर्णन लिहायचं माझ्याकडे आलं. पहिल्या खेपेला मी भारदस्त भाषा वापरली: ‘सदर सुविधेचा यथायोग्य वेळी वापर करावा.’ आमच्याच ऑफिसच्या लिफ्टवर करून पाहिलं. यथायोग्य वेळ त्याला तीच वाटली. साहेब जिन्याने वर आले. ओरडायलाच आले होते, पण श्वास उरला नव्हता.

मग मी भारदस्तपणा सोडला आणि काल रुजू झालेल्या माणसाला सांगावं तसं लिहिलं: ‘हे टूल चालू लिफ्ट जवळच्या मजल्यावर थांबवून दार उघडते. त्यानंतर मेकॅनिक जागेवर जाऊन सुरू करेपर्यंत ती हलत नाही. दार उघडे असताना लिफ्ट हलत असेल किंवा तसाच धोका असेल तेव्हाच वापरावे. काम झाल्याची नोंद करण्यासाठी वापरू नये. त्यासाठी “तक्रार निकाली काढणे” हे टूल आहे. “बंद करा” म्हणजे लिफ्ट की तक्रार हे कळत नसेल, तर आधी विचारावे.’

पानेकाकांनी मुद्दाम जुनाच निरोप पाठवला. सगळे माझ्या खुर्चीमागे उभे. मदतनीसाने तक्रार निकाली काढली आणि लिफ्ट चालू राहिली! काकांनी एकोणीस वर्षांत कुणाचं कौतुक केलेलं नाही. त्यांनी भिंतीवरचा कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, “हे मलाही कळलं.” आत्या, यापुढे मला पुरस्कार मिळाला नाही तरी चालेल.

तुझी,
लेखिका भाची

ता. क. उरलेल्या अडतीस टूल्सची वर्णनं गुरुवारपर्यंत लिहायची आहेत. सोबत बावीस पानं जोडली आहेत. तुला लिफ्टमधलं ओ की ठो कळत नाही, म्हणूनच तुझी गरज आहे. जिथे अडशील तिथे खूण कर.

ता. क. २. ते मूळचं ‘बंद करणे’ मीच लिहिलं होतं. जेवणाची सुट्टी व्हायला दोन मिनिटं होती. आईला सांगू नकोस; ते साहेबांनी लिहिलं होतं असं तिला वाटतं. साहेबांनाही तसंच वाटतं.