शिंगातलं पाणी

रवि. ९ नोव्हें. २००३
एव्हरशाईन सिटीत लग्न. हॉलच्या दारात डावीकडे दादा, उजवीकडे मी. भाड्याचे फेटे, अंगरखे. नवरदेव गाडीतून उतरला, दोघांनी एकदम शिंगं उचलून फुंकली. दादाचा वरचा सूर घसरला. लोकांना काय, त्यांना आवाज मोठा हवा. मला कळलं. शिंगाला ना भोकं ना पट्ट्या, जे काही ते ओठात आणि दमात. लहानपणापासून त्याच्या शेजारी उभा राहतोय, असं कधी झालं नाही. विचारलं तर म्हणाला, "फेटा घट्ट हुता."

गुरु. १३
नालासोपाऱ्याला दादाकडे जेवायला. वहिनींनी झणझणीत कालवण केलेलं. दादाने शिवलंसुद्धा नाही, दूधभात कालवून घेतला. वहिनी ओट्याशी हळूच, "भावजी, तिखट बंदच केलंय यांनी. विचारलं की अंगावर येतात." दादा आणि दूधभात! घास घेताना तोंड पुरतं उघडत नव्हतं. गुटखा मात्र चालू.

रवि. १६
भुईगावात साखरपुडा. वाजवून झाल्यावर मागच्या वाडीत गेलो. दमाने शिंगात पाणी साचतं, ते काढायला. दादाने शिंग उपडं केलं. गुलाबी पाणी. माझ्याकडे पाहिलं, मग पायाने त्यावर वाळू सारली. घरच्या म्हातारीने तांब्या आणला, "पानी घ्या बाबांनो." दादाने पाठ फिरवून चूळ भरली.

सोम. १७
कामात लक्ष नाही. लेथवर बोट जाता जाता वाचलं. सुटल्यावर थेट त्याच्या घरी.
"दादा, तोंड दाखव."
"तुला काय कळतंय रं? डाक्टर झालास?"
"रक्त होतं ते."
"हिरडी हाय." उठला आणि माझ्यासाठी दार उघडून उभा राहिला. आत वहिनी भांडी आपटत होत्या.

रवि. २३
आजच्या लग्नाला दादाने दुसराच जोडीदार नेला. डेकोरेशनवाल्याकडून कळलं. मी घरी. शिंग पुसलं. परत पुसलं.

गुरु. २७
दुपारी दादा आपणहून माझ्या कामाच्या गाळ्यावर आला. टपरीवर गेलो, पण चहा घेतला नाही त्याने. बोलणं बोबडं. म्हणाला, "वरचा सूर सोड, आता खालचाबी निघंना. नुसता वारा." टपरीच्या बाकावरून उठला. मग, "चल, कुठं न्यायचं ते ने."

सोम. १ डिसें.
मुंबईला, मोठ्या हॉस्पिटलात. डॉक्टरबाई तरुण. "काका, आ करा. अजून." बोटं आत जाईनात. टॉर्च लावून पाहिलं. तुकडा काढून तपासायला पाठवला.

सोम. ८
रिपोर्ट आला. जे वाटलं तेच. तो शब्द इथे लिहीत नाही.
ऑपरेशन. गाल, थोडा जबडा, बहुतेक ओठाचा कोपराही. दादाने एकच विचारलं, "वाजवता यील?"
"आधी जगायचं बघू या, काका."
दादा हसला. ते हसणं मला आवडलं नाही.

रवि. १४
वहिनी सांगतात, घरात कुणाशी बोलत नाही. रोज सकाळी शिंग घेऊन गास गावच्या शेतांकडे जातो. आज मागोमाग गेलो. बांधावर बसलेला, शिंग मांडीवर. तोंडाला लावलं नाही. शेजारी जाऊन बसलो.
"हे कापून टाकणार," ओठावर बोट ठेवून म्हणाला. "मग मी म्हणून मागं काय ऱ्हाणार, सांग."
वहिनी, तुझ्या पोरी, मी... एवढं तरी म्हणायला हवं होतं. "उठ, ऊन लागतंय," म्हणालो.

बुध. १७
हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितोय. आज भरती. नंबर लावायला मी पुढे आलो, ते दोघं मागून यायचे होते. आले नाहीत. खालच्या पीसीओवरून त्यांच्या शेजारच्या फिलोमिना आंटींकडे फोन लावला. त्यांनी वहिनींना बोलावलं.
"अहो, ते पहाटेच गेले. तुमच्याबरोबर जातो म्हणाले, मला दुपारी यायला सांगितलं. तिथं नाहीत?"
"शिंग नेलंय?"
"नाही. खुंटीवर आहे." मग एकदम, "भावजी, असं का विचारताय?"
शेजारच्या पोराला गासला पिटाळा म्हटलं, आणि वर आलो.
दादाचं नाव पुकारलं. परत पुकारलं. वॉर्डबॉय केसपेपर बाजूला ठेवायला लागला तसा, नंबर जाऊ नये म्हणून मी हात वर केला.
"आहे," म्हटलं. "आलाय."