बॅनरवरची सोनी

डोकमर्डी, सिल्वासा
९ जून २०२५

ती. सुकदेवदादा,

साष्टांग नमस्कार. वहिनीला नमस्कार, अभिजीतला आशीर्वाद.

वहिनीने पाठवलेले उडदाचे पापड पोचले. निम्मे शेजारच्या ममताने नेले, उरलेले सोनीने कच्चेच खाल्ले. ह्यांची या आठवड्यात रात्रपाळी आहे. घरी येतात तेव्हा शर्टावर मीठ उमटलेलं असतं. बाकी ठीक.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तुझा आवाज ऐकला की माझी जीभ पुन्हा घसरेल. वाळूभाऊ उद्या धुळ्याला निघालेत, त्यांच्या हाती देते.

समाजाच्या गुणवंतांच्या सत्काराचा बॅनर तू पाठवलास, तो पाहिला. सोनीचा फोटो छान आलाय. ह्यांनी डोळे बारीक करून खालचा आकडा वाचला आणि विचारलं, "हे चौऱ्याऐंशी टक्के कोणाचे?" मी कुकरकडे बघत राहिले. सोनीने फोन हातात घेतला. म्हणाली, "आई, ही मुलगी हुशार दिसते. हिलाच विचार ना, मी कुठे अर्ज करू ते."

दादा, सोनीला बारावीला चोपन्न टक्के आहेत.

तू निकालाच्या दिवशी अभिजीतचे ब्याऐंशी सांगितलेस आणि माझ्या तोंडून चौऱ्याऐंशी निघाले. तू "भाची कोनी शे? मनी शे!" म्हणून, माझीच भाची म्हणत इतका हसलास, की मग मला ते मागे घेता येईना. वाटलं, फोनवरचं फोनवर राहील. तू कौतुकाने मंडळात नाव देशील, हे डोक्यातच आलं नाही. सोनी माझ्या शेजारी भाकरी थापत होती. तिचे हात थांबले.

पुढे मी जे केलं ते त्याहून वाईट. तिला वकील व्हायचंय, हे तुला ठाऊक आहे. तिने तिच्या मार्कांकडे बघून ठरवलं होतं: आधी इथलंच कॉलेज, नाही तर वलसाड, नाही तर नाशिक. मी म्हटलं, पुणे आणि मुंबई, दुसरीकडे नाही. चौऱ्याऐंशीवाली मुलगी सिल्वाशात शिकते, हे तुला काय सांगणार होते मी?

ती म्हणाली, "ममतामावशीच्या नवऱ्याचा हात मशीनमध्ये गेला, तेव्हा ते इथल्या कचेरीत नुसते उभे राहून परत आले. गुजराती कागद, समोरचा गुजराती, आणि हे अहिराणी बोलणार. मला दोन्ही येतात. मी पुण्याला जाऊन काय करू? आणि तिथे मला घेणार कोण?"

मी म्हटलं, "चोपन्नवाल्यांनी एवढं बोलू नये."

तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. अर्जाची मुदत शुक्रवारी संपते. "मामांना खरं कळल्याशिवाय मी कुठेच अर्ज करणार नाही," म्हणते. एक वर्ष वाया जाईल, म्हटलं. "जाऊ दे. त्या बॅनरवरच्या मुलीचं कुठे जातंय?"

मला तिच्या मार्कांची लाज वाटली नाही, असं लिहिणार होते. वाटली, दादा. आता तिला जेवायला वाढताना माझी वाटते.

बॅनरवरून तिचं नाव काढायला सांग. मंडळात कोणी विचारलं तर छापताना चूक झाली असं सांगू नकोस. बहीण खोटं बोलली, असंच सांग. चारचौघांत तुझी मान खाली जाईल. त्यावर मला काही सुचत नाही. हे वाचलंस की मला नको, सोनीला फोन कर. रागावायचं असेल तर नंतर मला कर.

रविवारी सत्काराला आम्ही येतोच, अभिजीतसाठी. मी म्हटलं, आपण मागच्या रांगेत बसू. सोनी म्हणाली, "मागे का? आपल्या टाळ्या त्याला ऐकू यायला नकोत?"

चोपन्न टक्क्यांच्या सोनीची आई,
तुझी धाकटी बहीण
कावेरी