वय झालं म्हणून

प्रिय बाबा,

गेले काही दिवस आईचं पोट बिघडतंय. आज दुपारी तिनं ताट सरकवलं आणि म्हणाली, "काय न्हाय रे, वय झालं आता." हे तर तुझंच वाक्य! तिला जरा पडायला सांगितलं आणि तुला लिहायला बसलो.

लिहिता लिहिता मलाच डुलकी लागली बघ. स्वप्नात पेणकरपाड्यात आपली बिल्डिंग नव्हतीच, पुन्हा मिठागर होतं. सगळीकडे पांढरा उजेड, आणि तू तिशीतला, अनवाणी, लाकडी फावड्यानं मीठ ओढतोयस. मी हाक मारली तसा वळलास. चेहरा लालबुंद.

त्या लाल चेहऱ्यानंच आपल्याला फसवलं. मिठागरात ऊन वरून लागतं तसं मिठावरून उलटूनही लागतं. म्हणून म्हातारपणी घरात बसल्या बसल्या तुझं तोंड तापून लाल व्हायला लागलं, तेव्हा अख्खा पाडा म्हणायचा, आगरातलं ऊन ते, अंगात मुरलंय. शेजारी तर तब्येतीचं कौतुक करायचे आणि तू खूश! पोट सारखं बिघडायचं त्याला मात्र वय. दवाखान्यात चल म्हटलं की पेजेत मीठ घालून प्यायचास आणि टीव्ही लावायचास. इतका कसा रे हट्टी?

तो लालपणा आणि ते पोट, दोन्ही आतड्यातल्या एकाच गाठीचं काम निघालं. न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर. डॉक्टरबाई म्हणाल्या, अशी गाठ बऱ्याचदा सावकाश वाढते, पण तुझी यकृतापर्यंत पोचली होती. तू विचारलंस, "मी म्हातारा हाय म्हणून वाचणार न्हाय?"

त्या म्हणाल्या, "वयानं धोका वाढतो, काका. पण नुसत्या वयावरून काही ठरत नाही. म्हातारी माणसं आमच्याकडे येतातच उशिरा."

तू हसलास. त्या हसण्याचा मला अजून राग येतो बाबा. आणि तुझी इतकी आठवण येते की राग धड धरवतही नाही.

आत्ता आई झोपलीय. खाडीकडून वारा येतोय, पडदा हलतोय, आणि तू तिच्या उशाशी बसलायस असं उगाच वाटतंय. तिला काही नसेलही, साधं अपचन असेल. पण ते डॉक्टरांनी सांगू दे. उद्या सकाळची वेळ घेतलीय. रुसली, तुझी शपथ घातली, तरी नेणार. तिकडे तुला एकट्याला करमत नसेल, ठाऊक आहे. तरी तिला इतक्यात पाठवणार नाही.

तुझा,
नंदू