ट्रकवाल्याला परत पाठव

उठलास की आधी हे वाच. अकरा वाजता ट्रकवाला सामान बघायला येईल, त्याला परत पाठव. आपण कुठंही जात नाही आहोत. आमच्या कंपनीनं तिकडचं ऑफिसच रद्द केलं. चारशे माणसांची बदली तीन ओळींच्या मेलमध्ये गुंडाळून टाकली.

मला हे गुरुवारीच कळलं होतं. तुला सांगायचा धीर झाला नाही. शुक्रवारी तुझ्यासोबत खोक्यांना चिकटपट्ट्या लावत बसले, वर तिथल्या पडद्यांच्या रंगावरून तुझं डोकंही खाल्लं. चुकलंच माझं.

पोरीचा शाळेतून दाखला काढलाय. बाईंना फोन करून विचार, परत घेतात का. तिला मात्र काही बोलू नकोस, मी आल्यावर सांगेन. मैत्रिणींना निरोपाची कार्डं वाटून मोकळी झालीय ती.

अजून एक. सकाळी चहाची गाळणी सापडेना म्हणून मी खोकी फोडत सुटले. 'घड्याळदुरुस्तीची हत्यारं, जपून' असं तुझ्या अक्षरात लिहिलेलं खोकंही फोडलं. आत जुने पेपर आणि दोन विटा. मग तुझ्या कपड्यांचं खोकं उघडलं. त्यातही पेपरच. कपडे तुझ्या दुकानात नेऊन ठेवलेस का रे? आम्हा दोघींना ट्रकमागोमाग पाठवून तू इथंच राहणार होतास?

विटा गॅलरीत ठेवल्यात, अंधारात ठेचकाळू नकोस. गाळणी काही मिळाली नाही.

मी सहाला येते. आता कुणालाच कुठं जायचं नाहीये, तर तू घरी असशील ना?