तोरीच्या अलीकडे

४ मे, रविवार
गोल्डन वीक, जपानातली मे महिन्याची सलग सुट्टी. म्हणजे नवऱ्याला, मंदारला, आणि लेकीला, इराला सुट्टी. मी पहाटे उठून तिखटमिठाच्या पुऱ्या लाटल्या, कारण जिथे जायचं तिथल्या सूपमध्ये, भाजीत, सगळ्यात मासा. तीन वर्षं सांगतेय की मासा चालत नाही. तीन वर्षं उत्तर येतं, 'थोडाच आहे.'

तोकिको-सानच्या शेतावर भातलावणी. त्सुकुबाहून तासभर, डोंगराच्या पलीकडे. गावात पोरं उरली नाहीत, म्हणून शहरातली कुटुंबं बोलावतात. गाडी मी चालवते. मंदार आठवडाभर संशोधन संस्थेत डोळे फोडतो आणि रविवारी बाजूच्या सीटवर घोरतो. चिखलात उतरायची हौस सगळ्यांना, चिखलाचे कपडे धुवायला मी.

परत निघताना तोकिको-सान म्हणाल्या, ऑक्टोबरच्या मात्सुरीत, म्हणजे गावच्या जत्रेत, मुलांचे तीन ढोल असतात. एक मुलगा योकोहामाला गेला. इरा-चान वाजवेल का? मी तोंड उघडायच्या आत इरा 'हो' म्हणून मोकळी. गेले माझे शनिवार.

१२ जुलै, शनि.
ढोलाचा सराव. मंडपात पंखा एक, डास अगणित. पालकांनी बसून बघायचं, मोबाईल काढायचा नाही. मी काढला. पुण्याला व्हिडिओ पाठवायचा असतो ना.

इराच्या आजोबांना, मंदारच्या वडिलांना, दर शनिवारी व्हिडिओ लागतो. जन्मभर बँकेत नोकरी आणि दहा दिवस गणपतीत ढोल, असा माणूस. खुर्चीच्या हातावर ताल धरतात आणि लगेच फोन. "डावा हात मागे पडतोय तिचा. टिपरू घट्ट धरते. सांग तिला, सैल सोड." इराला त्यांचं मराठी निम्मं कळतं, पण हे बरोबर कळतं. ती जपानीत उत्तर देते, ते 'शाब्बास' म्हणतात. दोघांचं छान चाललंय. मध्ये मी हमाल.

३ ऑगस्ट
ब्लूबेरी तोडायला गेलो. ३८ डिग्री. का गेलो?

९ सप्टें., मंगळ.
आजोबा गेले. सकाळी चहा घेतला आणि खुर्चीतच

मंदार रात्रीच्या विमानाने निघतोय. माझा पासपोर्ट नूतनीकरणासाठी दूतावासात अडकलेला. इराला घेऊन मी इथेच.

११ सप्टें.
अंत्यसंस्कार फोनवर पाहिले. नेट दोनदा गेलं. इरा शाळेत होती. घरी आली, मी सांगितलं, आटोपलं सगळं. 'सोक्का' म्हणाली. असं होय. आणि गृहपाठाला बसली. रडली नाही. मीही तिच्यासमोर रडले नाही. बाथरूममध्ये नळ सोडून काय ते. शेजाऱ्यांना आवाज जातो इथे.

२१ सप्टें., रवि.
तेरावं झालं. पुण्याच्या आईंचा, सासूबाईंचा, फोन. आवाज बसलाय. "सुतक फिटलं गं. पण वर्षभर आपल्याकडे सणवार नाहीत. दिवाळीला कंदील लावू नकोस."

मी ढोलाचं विचारलं. त्या म्हणाल्या, "ते वाजवू दे पोरीला. तिकडचा देव तिकडचा. ह्यांना आवडलंच असतं."

झालं, परवानगी मिळाली. मला केवढं हलकं वाटलं.

३० सप्टें.
मं. परत आला. डोकं भादरलेलं, अडीच किलो कमी. संस्थेत वेगळाच तमाशा. इथे माणूस डोकं भादरतो ते मोठी चूक करून माफी मागायला. सगळ्यांना वाटलं, याने प्रयोगात काहीतरी माती खाल्ली. कुणी विचारेना, सगळे अदबीने बाजूने जाणार. शेवटी ज्युनिअरने कॉफी आणून दिली आणि म्हणाला, "कुलकर्णी-सान, होतं असं कधीकधी." मं.ने घरी येऊन सांगितलं. दोघंही खूप हसलो.

टोपी घेऊन आलाय. घरातही घालतो.

११ ऑक्टो., शनि.
मात्सुरीची तयारी. देवळाच्या अंगणात नव्या पेंढ्याचा जाड दोर वळायचा होता. माझे तळहात सोलले. मंदार टोपी घालून पेंढा उचलत होता. तोकिको-सानना मानेवरचं भादरलेलं दिसलंच. "अरे, हे काय केलंस?" आणि हसल्या.

मंदारने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, उकडत होतं.

ऑक्टोबरात.

मग म्हणाल्या, "भारतातल्या आजोबांसाठी नवा तांदूळ काढून ठेवलाय. दर वर्षीसारखा. बरे आहेत ना?" हा चिकट तांदूळ आजोबांना फार आवडायचा. मऊभात, मेतकूट, तूप. "जपान्यांनी मेतकुटासाठीच पिकवलाय," म्हणायचे.

खरं सांगायचं तर काय झालं, कधी, कसं, सगळं जपानीत सांगावं लागलं असतं. मग त्या दोन्ही हात धरून वाकल्या असत्या, मग मी वाकले असते, मग सगळं अंगण वाकलं असतं. माझ्यात जीव नव्हता. 'गेंकी देस्' म्हटलं. मजेत आहेत.

इरा मागेच उभी होती.

घर आल्यावर जपानीत म्हणाली, "गेंकी म्हणालीस."
"दमले होते गं."
"मी ऐकलं," म्हणाली आणि वर गेली.

१२ ऑक्टो., रवि. (घरी आल्यावर, संध्याकाळी)
लिहून टाकते, नाहीतर डोक्यात फिरत राहील.

सकाळी निळा जत्रेचा अंगरखा घालून, टिपरं कमरेला खोचून इरा निघाली. छान दिसत होती. देवळाच्या दारात लाकडी कमान आहे, तोरी. तिच्यापाशी येऊन थांबली. मी म्हटलं, चल. हलेना. मागून लोक येत होते, आम्ही वाट अडवून उभे.

तोकिको-सान आतून आल्या. इराने त्यांना स्पष्ट सांगितलं, शाळेत उत्तर देतात तसं. "आजोबा वारले. गेल्या महिन्यात. आई काल खोटं बोलली."

तोकिको-साननी माझ्याकडे पाहिलं, मग मंदारच्या डोक्याकडे. मंदारने आपणहून टोपी काढली. त्या वाकल्या, जे बोलायचं असतं ते बोलल्या. मग सरळ उभ्या राहून म्हणाल्या, "आमच्याकडे घरात कुणी गेलं की एकोणपन्नास दिवस या कमानीखालून जात नाहीत."

मला माहीत नव्हतं. आमचं सुतक फिटलं म्हणजे जगाचं फिटलं, असं धरून चालले होते. आणि मग मी चक्क भांडले. आमच्याकडे तेराच दिवस असतात. ते झाले. सासूबाईंनी परवानगी दिलीय. तेरा की एकोणपन्नास, भाजीवालीशी घासाघीस करावी तशी, देवळाच्या दारात, मोडक्या जपानीत. लाज वाटते आता. पण पोरीने चार महिने डासांत बसून सराव केलाय, एवढंच दिसत होतं मला.

कुचो-सानना बोलावलं. गावचे सरपंचच म्हणा. त्यांनी दातांतून हवा ओढली, 'सा...' म्हणजे नाहीच. पण नजर ढोलांकडे गेली. ढोल तीन, पोरं दोन. हळूच म्हणाले, पुजारी आता येतीलच, इराच्या डोक्यावरून शुद्धीसाठी कागदाच्या झिरमिळ्या फिरवतील, की झालं. किंवा असं समजू, कुणी काही ऐकलंच नाही.

मी लगेच थँक्यू म्हणायला वाकले.

"नको," इरा म्हणाली. मग माझ्याकडे वळून, मराठीत. एरवी ओढून काढावं लागतं तिच्याकडून मराठी. "मी वाजवलं तर आजोबा गेलेच नाहीत असं होतं. तू रडत नाहीस. बाबा टोपी घालतो. तू सांगतेस मजेत आहेत. मग ते गेलेत हे कुणाला माहितीये? मलाच फक्त?"

मला तिथेच रडू फुटलं. मंदारलाही. इराला सगळ्यात शेवटी, पण मग थांबेचना. सगळं गाव अंगरखे घालून बघतंय आणि आम्ही तिघं कमानीच्या अलीकडे उभे. तोकिको-साननी कुठून तरी घडीची खुर्ची आणली, इराला बसवलं आणि आत गेल्या. त्यांना कामं होती.

मिरवणूक आमच्या समोरूनच गेली. दोन ढोल वाजत होते, तिसरा गाडीवर कापड घालून तसाच. ताल पोकळ वाटत होता. की मलाच वाटलं. इराचा डावा हात मांडीवर हलत होता. सैल.

निघताना तोकिको-साननी तांदळाची पिशवी मंदारच्या हातात दिली. "त्यांच्यासमोर ठेवा." माझ्याशी बोलल्या नाहीत.

१३ ऑक्टो.
मऊभात केला. मेतकूट जुनं, वास उडालेला. आजोबांच्या फोटोसमोर वाटी ठेवली. मं. टोपीशिवाय जेवला. इराने विचारलं, आजोबा लहानपणी कुठे ढोल वाजवायचे? मं. सांगत बसला. मी भांडी तशीच टाकून ऐकत राहिले.

१९ ऑक्टो., रवि.
दिवाळी नाही. फराळ नाही, कंदील नाही. खरं सांगू, शरीराला बरं वाटतंय. मनाला नाही.

दुपारी तोकिको-सानचा फोन. आधी हवा, मग मुळ्याचं पीक, मग, "मी तुमच्यावर रागावले होते. आता नाही." त्या बोलत असताना मी इकडे वाकून वाकून माफी मागत होते, फोनवर दिसत नाही हे माहीत असून.

मग म्हणाल्या, २७ला एकोणपन्नासावा दिवस. त्यानंतर ढोल तेल लावून, बांधून वर्षभरासाठी कोठीत जातात. त्या सोमवारी संध्याकाळी आलात तर बांधायच्या आधी इरा-चान वाजवू शकेल. जत्रा संपली, ऐकायला कुणी नसेल. "मी असेन," म्हणाल्या. "पुढच्या वर्षी मुलांचे ढोल निघतील की नाही, सांगता येत नाही. दुसरा मुलगाही शहरात जातोय."

इराला सांगितलं. जत्रेच्या दिवसापासून टिपरं कपाटात, स्वेटरांच्या खाली.

२३ ऑक्टो.
पुन्हा विचारलं. "माहीत नाही." तीही दमलीय. दहा वर्षांच्या पोरीने इतकं दमू नये. मं. म्हणतो, मागे लागू नकोस. मी कुठे मागे लागते? दोनदा विचारलं फक्त. बरं, तीनदा.

पुण्याच्या आईंना सगळं सांगितलं. मला वाटलं, म्हणतील, हे काय नवीन एकोणपन्नास. म्हणाल्या, "बरं झालं. तेरा दिवस फार कमी पडतात गं." आणि फोन ठेवला.

२६ ऑक्टो., रवि.
कुठे गेलो नाही. कितीतरी महिन्यांनी रविवारी घरी. पाऊस. इराचे स्वेटर बाहेर काढायला कपाट उघडलं. टिपरं नव्हती.

घरभर शोधलं. दारातल्या छत्र्यांच्या स्टँडमध्ये होती, उभी. मंदारला विचारलं, मी नाही ठेवली म्हणाला. इरा सोफ्यावर पुस्तक वाचत होती. मान वर केली नाही. मी काही विचारलं नाही.

उद्या शाळा आहे. मं.ची मीटिंग आहे. अंधार आता लवकर पडतो आणि डोंगराचा रस्ता मला अंधारात आवडत नाही.

संध्याकाळी जाऊन गाडीत पेट्रोल भरून आणलं.