लेखिका : डॉ. वर्षाली

३ मार्च, सोमवार
चाकणची कंपनी सुटली एकदाची! आजपासून हिंजवडी, एसी ऑफिस, बसून काम. देहूरोडहून रोज या ट्रॅफिकमध्ये येणं जमणार नाही, म्हणून इथेच दोघींबरोबर खोली घेतलीय. आईकडे रविवारी. काम मजेशीर आहे. आमचे लोक गिऱ्हाइकांचे लेख दुसऱ्यांच्या वेबसाइटवर छापून आणतात. लेखात गिऱ्हाइकाच्या दुकानाची लिंक असते. त्याआधी ती साइट धड आहे का, ते मी बघायचं. वाचक खरे आहेत का, लिहिणारे खरे आहेत का, तिथल्या लिंका बाहेर कुठे नेतात. साहेब, प्रितमसर, म्हणाले, तांदूळ निवडतेस ना घरी, तसेच खडे वेचायचे. आईला फोनवर सांगितलं, तर साऱ्या चाळीला सांगून आली की पोरगी इन्स्पेक्टर झाली.

६ मार्च
एक आरोग्याची साइट आली. दिसायला देखणी. लिंका उघडत गेले : जुगार, झटपट कर्ज, वशीकरण, साखर मुळापासून घालवणारी पावडर. लिहिणारे सगळे डॉक्टर, पत्ता एकाचाही नाही. एकच फोटो तीन नावांनी. शेरा मारला : नको.

७ मार्च
सरांनी बोलावलं. पावडरवाला आपलंच गिऱ्हाईक निघालं. म्हणाले, "वर्षाली, तू फक्त हो कर. वाचतंय कोण?" मी म्हटलं, माझ्या आईला शुगर आहे, इन्सुलिन चालू आहे. म्हणाले, मग तिला दाखवू नकोस.
हो केलं. मला चाकणला परत जायचं नाही.

१२ मार्च
त्या पावडरचा लेख लागला. खाली माझा फोटो, आय-कार्डवरचा. डॉ. वर्षाली. इन्सुलिन सोडा, असं ही डॉ. वर्षाली सांगते. सर म्हणतात, खरा चेहरा असला की लोकांचा विश्वास बसतो. काढा म्हटलं. म्हणे साइट आपली नाही.

२४ मार्च
तोच लेख आता एकोणीस साइटवर. माझं तोंड एकोणीस ठिकाणी. मेल पाठवतेय, पण संपर्काचे पत्ते खोटे. लेखाखाली लोक लिहितात : ताई, सुया बंद केल्या, बरं वाटतंय. मी लिहिते, सोडू नका. माझं उत्तर पुसलं जातं. पुन्हा लिहिते. पुन्हा पुसतात. दोन रविवार घरी गेले नाही. कुठल्या तोंडानं —

२६ मार्च
शेजारच्या शालनमावशीचा फोन. आई सकाळपासून उठेना. सुई घेतली का विचारलं. मावशी म्हणाली, अगं, ती तर तुझं वाचल्यापास्नं बंदच हाय. माझी लेक खोटं लिहील व्हय, म्हणत होती. साखर उतरली की मग तुला सांगणार होती. मावशी म्हणाली, मीपण तीच पावडर —

२७ मार्च
पिंपरी. दवाखाना. आई डोळे उघडत नाही.
डॉक्टर विचारतात, सुया सोडायला कुणी सांगितलं.
पलीकडच्या खाटेवर एक म्हातारी. तीपण अशीच. तिची सून फोनमध्ये बघते. माझ्याकडे बघते. परत फोन —
उठली. इकडेच येतेय. फोन माझ्यासमोर धरलाय. विचारतेय, बाई, ह्या डॉक्टर तुम्हीच —